समुद्री शेवाळ: एकच जात, इतकी रूपं कशी? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी सांगली जिल्ह्यात वनस्पतिशास्त्र शिकवतो आणि घरची द्राक्षबागही बघतो. त्यामुळे माझ्याकडे दोन तऱ्हेची माणसं येतात. विद्यार्थी रत्नागिरीच्या सहलीहून आणलेले शेवाळाचे नमुने घेऊन येतात, तर बागायतदार सीवीडची, म्हणजे समुद्री शेवाळाच्या अर्काची, बाटली घेऊन. मुलं विचारतात, "सर, हे दोन्ही एकच आहे का?" बागायतदारही नेमकं तेच विचारतात. म्हणून दोघांचे प्रश्न एकाच ठिकाणी मांडले आहेत.

सांगली-साताऱ्यात समुद्र नाही. मग समुद्री शेवाळाची एवढी चौकशी कशासाठी?

कारण ते आपल्या बागेत येऊन पोचलंय. एप्रिल छाटणी असो की ऑक्टोबर छाटणी, तासगाव-पलूसच्या पट्ट्यात सीवीडच्या अर्काची फवारणी किंवा आळवणी न करणारा बागायतदार शोधावा लागेल. आल्याला, डाळिंबाला, स्ट्रॉबेरीलाही लोक ते वापरतात.

आमच्या शेजारच्या तात्यांनी एकदा दोन बाटल्या आणून माझ्यापुढं ठेवल्या. एकीतलं द्रावण काळपट, चिकट आणि उग्र वासाचं. दुसरीतलं पातळ आणि फिकट. दोन्हीवर मोठ्या अक्षरात सीवीड. तात्या म्हणाले, "यातलं खरं कुठलं?" खरी दोन्ही होती. पहिली बाटली अॅस्कोफायलम या तपकिरी शेवाळाची. ते उत्तर अटलांटिकच्या थंड किनाऱ्यावर, म्हणजे कॅनडा, आयर्लंड, नॉर्वेकडं वाढतं. दुसरी कप्पाफायकस या लाल शेवाळाची, आणि त्याची शेती तमिळनाडूत रामेश्वरम-मंडपमच्या बाजूला होते. या दोन शेवाळांमध्ये जितकं नात्याचं अंतर आहे, तितकं ऊस आणि आंब्यातही नाही.

समुद्रातलं शेवाळ म्हणजे कृष्णेच्या घाटावरचं शेवाळच ना?

काही प्रमाणात. घाटाच्या पायऱ्या निसरड्या करणारं हिरवं शेवाळ आणि समुद्रातलं हिरवं शेवाळ हे लांबचे का होईना, नातेवाईक आहेत. लाल शेवाळ त्यांच्यापासून फार पूर्वी वेगळं झालं. तपकिरी शेवाळ तर वनस्पतींच्या कुळातलंच नाही. त्याचं जवळचं नातं डायटमसारख्या सूक्ष्म जिवांशी आहे. तिघांनाही खरी मुळं, खोड, पानं नसतात. खडकाला धरून ठेवणारी जी पकड दिसते तिचं काम फक्त धरून ठेवण्याचं. अन्न अंगभर शोषलं जातं. म्हणूनच आजूबाजूच्या पाण्यात जे काही बदलेल, ते शेवाळाच्या अंगावर लगेच दिसतं.

एकाच जातीचे दोन नमुने इतके वेगळे कसे दिसतात?

आधी आपल्या रानातलं उदाहरण घेऊ. को-८६०३२ या उसाचं बेणं एकाच प्लॉटमधून आणा. निम्मं वाळव्याच्या काळ्या रानात लावा आणि निम्मं मुरमाड, पाण्याची ओढ असलेल्या रानात. वर्षाने एकीकडं लांब, जाड कांड्या मिळतील, दुसरीकडं आखूड आणि बारीक. बेणं तेच असतं, रूप बदलतं. शास्त्रात याला रूपलवचिकता म्हणतात. शेवाळात ही लवचिकता उसाच्या कितीतरी पट आहे.

अॅस्कोफायलमचंच बघा. खडकाला धरून असतं तेव्हा त्याचे लांब चामड्यासारखे पट्टे होतात आणि त्यावर हवेचे फुगे येतात. मुख्य अक्षावर वर्षाला साधारण एक फुगा धरतो, म्हणून फुगे मोजून वयाचा अंदाज काढता येतो. पण स्कॉटलंडच्या अगदी शांत खाड्यांमध्ये याचेच तुटलेले तुकडे तळावर मोकळे लोळत वाढतात. त्यांना पकड नसते, फुगेही क्वचित. बारीक फांद्यांचा नुसता गोल गुंता होतो. शेजारी ठेवलं तर दोन्ही एकाच जातीचे आहेत यावर कुणी विश्वास ठेवणार नाही.

लाटांचा मारही रूप बदलतो. फ्युकस व्हेसिक्युलोसस या तपकिरी शेवाळाला शांत पाण्यात भरपूर फुगे येतात. जिथं लाटा आदळतात तिथं तेच फुगे कमी होतात किंवा येतच नाहीत, कारण फुगलेल्या अंगाला लाट जास्त ओढते.

माझा एक अनुभव सांगतो. शिकत असताना मिऱ्याजवळच्या कातळावरून मी ग्रासिलारिया या लाल शेवाळाचे दोन नमुने आणले होते. एक गर्द तांबडा, दुसरा वाळल्या गवतासारखा पिवळट. मी त्यांना दोन वेगळी नावं दिली आणि चिठ्ठ्या लावून मोकळा झालो. पुढच्या खेपेला आमच्या सरांनी त्याच डबक्यात वाकून एक अख्खं झुडूप हातावर घेतलं आणि उलटं करून दाखवलं. खडकाच्या सावलीतला बुडखा गर्द तांबडा होता, उन्हातले शेंडे पिवळे. लाल शेवाळाचं तांबडं रंगद्रव्य, फायकोएरिथ्रिन, हे नत्राचं कोठारही असतं. ऊन कडक आणि पाण्यात नत्र कमी अशी स्थिती आली की शेवाळ ते द्रव्य मोडून वापरतं आणि रंग उडतो. नत्र कमी पडल्यावर उसाची पानं पिवळी पडतात, त्याच चालीचं हे. त्या दोन चिठ्ठ्या मी अजून जपून ठेवल्या आहेत आणि दरवर्षी मुलांना दाखवतो.

मग फरक जनुकांचा की परिस्थितीचा, हे ठरवतात कसं?

अदलाबदल करून. हे काम द्राक्षवाल्याला नव्यानं शिकवायला नको. थॉमसन आणि तास-ए-गणेश हे द्राक्षाचे दोन वाण एकाच बागेत, एकाच खुंटावर, एकाच पाण्यावर ठेवले तरी त्यांच्यातला फरक राहतो. म्हणजे तो आतला आहे. पण जीएचं डिपिंग करून, म्हणजे घड जिबरेलिक आम्ल या संप्रेरकात बुडवून, लांबवलेला मणी हा वेलाचा गुण नाही. त्याच वेलाची काडी दुसरीकडं लावून डिपिंग केलं नाही तर मणी पुन्हा मूळच्या आकाराचा.

शेवाळावर हाच प्रयोग उत्तर अमेरिकेच्या प्रशांत किनाऱ्यावर नेरिओसिस्टिस या प्रचंड केल्पवर झाला. केल्प म्हणजे मोठाली तपकिरी शेवाळं. वेगवान प्रवाहात त्याची पाती अरुंद आणि सपाट असतात, त्यामुळे पाणी सरळ निघून जातं. शांत पाण्यात तीच पाती रुंद होतात आणि कडांना झालर येते. झालरीमुळे पाती एकमेकांना चिकटत नाहीत आणि सगळ्यांना ऊन मिळतं. शांत जागेतलं शेवाळ उचलून प्रवाहात नेलं, तर नवी वाढ सपाट आली. आणखी खोलात गेल्यावर कळलं की पात्याला बसणारी ओढ हेच त्यामागचं कारण. पात्यावर ताण आला की ते लांबीकडं वाढतं आणि झालर धरत नाही. हा फरक परिस्थितीचा निघाला.

मॅक्रोसिस्टिस या दुसऱ्या मोठ्या केल्पचंही असंच झालं. पकडीच्या आणि पात्यांच्या रूपावरून त्याच्या चार जाती मानायचे. २०१० च्या सुमारास प्रयोग आणि डीएनए दोन्ही जुळवल्यावर चारांची एकच जात उरली.

उल्वाचं नाव पुस्तकात एक, इंटरनेटवर दुसरं. बरोबर कोणतं?

बीएस्सीची मुलं हमखास विचारतात, आणि मला सर्वांत आवडणारा प्रश्न हाच.

उल्वा म्हणजे खडकावरचं हिरवंगार, कागदासारखं पातळ शेवाळ. पेशींचे जेमतेम दोन थर. बोटांत धरलं तर बोटाच्या रेषा आरपार दिसतात. तिथंच शेजारी हिरव्या नळ्याही वाढतात, आतून पोकळ, आतड्यासारख्या. लिनियसने १७५३ मध्ये पापुद्रा आणि नळी दोन्ही उल्वातच घातले होते. पुढं १८२० मध्ये नळीवाल्यांसाठी एन्टेरोमॉर्फा ही वेगळी प्रजाती, म्हणजे जातींचा गट, केली गेली. पापुद्रा वेगळा, नळी वेगळी, डोळ्यांना पटण्यासारखंच होतं. जवळजवळ एकशे ऐंशी वर्षं बहुतेकांनी ते मानलं. मग डीएनए वाचता आला आणि दिसलं की नळी आणि पापुद्रा एकमेकांत सरमिसळ आहेत. काही नळ्यांचं नातं इतर नळ्यांपेक्षा पापुद्र्यांशी जवळचं आहे. उल्वा कॉम्प्रेसासारख्या एकाच जातीत तर नळीही होते आणि पापुद्राही. २००३ मध्ये एन्टेरोमॉर्फा पुन्हा उल्वात विलीन झाली. तुमच्या जुन्या पुस्तकातलं एन्टेरोमॉर्फा म्हणजे आजचं उल्वाच.

यापेक्षाही थक्क करणारी गोष्ट वेगळी आहे. उल्वाला त्याचं रूप एकट्याच्या जनुकांवर मिळतच नाही. प्रयोगशाळेत त्याच्या अंगावरचे सगळे जिवाणू काढून टाकले तर पापुद्राही होत नाही आणि नळीही नाही. नुसता पेशींचा ढेकूळ वाढतो. योग्य जिवाणू परत सोडले की शेवाळ आकार धरू लागतं. अशा आकार देणाऱ्या द्रव्यांपैकी थॅलुसिन हे एक, ते २००५ मध्ये एका जिवाणूपासून वेगळं केलं गेलं. रूप जनुकांतून येतं की परिस्थितीतून, असा प्रश्न आपण विचारतो. इथं तिसराच जीव मध्ये येऊन बसलाय. आपल्या हरभऱ्याच्या मुळावरच्या गाठी रायझोबियम जिवाणूशिवाय होत नाहीत हे आपल्याला ठाऊक असतं. उल्वात अख्खं शरीरच तसं आहे.

उलटंही होतं का? दिसायला सारखं, पण आतून वेगळं?

सर्रास. त्यांना गुप्त जाती म्हणतात. डोळ्यांनी, इतकंच काय सूक्ष्मदर्शकाखालीही फरक सापडत नाही, पण जनुकं सांगतात की हे एकमेकांत मिसळत नाहीत. म्हणून आता ओळख पटवताना डीएनएचा एक ठरलेला छोटा तुकडा वाचतात. लाल आणि तपकिरीसाठी बहुधा कॉक्स-१ या जनुकाचा, हिरव्यासाठी टफ-एचा.

व्यापारात या गोंधळाचा फटका बसतो. कॉटोनी नावाने विकला जाणारा माल बहुतेक कप्पाफायकस अल्वारेझी असतो, स्पायनोसम नावाचा माल युकेमा डेंटिक्युलेटम. वाळवून गठ्ठे बांधल्यावर दोघं सारखे दिसतात. पण पहिल्यापासून कप्पा कॅरॅजिनन मिळतं, ज्याची जेली घट्ट बसते. दुसऱ्यापासून आयोटा, ज्याची जेली मऊ आणि लवचिक.

हिरवं, तपकिरी आणि लाल कप्पाफायकस या तीन जाती आहेत का?

नाही. एकाच जातीचे रंगभेद आहेत. पण वरच्या ग्रासिलारियासारखे हे उन्हामुळे झालेले नाहीत. एकाच तराफ्यावर शेजारी बांधले तरी हिरवं सहसा हिरवंच राहतं आणि तपकिरी तपकिरीच, कारण रंगद्रव्यांचं प्रमाण जनुकांनी ठरवलेलं आहे. एकाच वेलीच्या दोन निवडींसारखं समजा.

रंगात परिस्थितीमुळे होणारा बदल आणि जनुकांमुळे होणारा बदल हे दोन्ही एकाच समुद्रात दिसतात. नुसता रंग बघून निष्कर्ष काढू नये, हे मी वर्गात वारंवार सांगतो.

तुकडे कापून लावलेल्या शेवाळात वैविध्य उरतं का?

फार थोडं. आणि मला याची खरी काळजी वाटते.

कप्पाफायकसची शेती बियाण्यावर होत नाही. मूठभर तुकडे दोरीला बांधायचे, बांबूच्या तराफ्यावर समुद्रात सोडायचे, सुमारे ४५ दिवसांनी काढायचे आणि त्यातलेच तुकडे पुन्हा बांधायचे. उसाचं बेणं आपण असंच वर्षानुवर्षं फिरवतो. याची शेती १९७० च्या दशकात फिलिपिन्समध्ये सुरू झाली आणि तिथूनच बेणं देशोदेशी गेलं. जगभरच्या शेतांतले नमुने तपासल्यावर बहुतेकांत मायटोकाँड्रियाच्या (पेशीतल्या ऊर्जाघरांच्या) डीएनएचा एकच प्रकार आढळला. भारतात भावनगरच्या केंद्रीय मीठ व समुद्री रसायन संशोधन संस्थेने १९८४ मध्ये ते जपानमधून आणलं आणि पुढं मंडपमला वाढवलं.

सगळं शेत एकाच झाडाचे तुकडे असेल तर दुखणंही सगळ्यांना एकदमच लागतं. पाणी तापलं किंवा खारटपणा घसरला की फांद्या पांढऱ्या पडून तुटतात; त्या रोगाला आइस-आइस म्हणतात. तमिळनाडूत २०१३ नंतर शेवाळ मोठ्या प्रमाणावर मेलं आणि उत्पादन घसरलं. उष्णता हे त्यातलं मोठं कारण होतं. एकाच जातीवर सगळा पट्टा विसंबला की काय होतं हे ऊसवाल्याला समजावून सांगावं लागत नाही. तांबेरा आणि गवताळ वाढ या उसाच्या रोगांनी ते आपल्याला दाखवलंय.

नवं बेणं बाहेरून आणता यावं म्हणून केंद्राच्या मत्स्य विभागाने २०२४ मध्ये जिवंत समुद्री शेवाळाच्या आयातीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. विलगीकरण आणि तपासणी त्यात आहे, आणि ती असायलाच हवी. मन्नारच्या आखातात हेच कप्पाफायकस शेताबाहेर पडून प्रवाळांवर पसरल्याची नोंद २००८ मध्ये झाली आहे. माझ्या मते आयातीइतकंच लक्ष आपल्या किनाऱ्यावरच्या देशी ग्रासिलारिया, जेलिडिएला, सरगॅसमच्या रानटी वाणांकडं द्यायला हवं. आपल्या समुद्रात ८०० हून अधिक जाती आहेत आणि उन्हाळा काढण्याची सवय त्यांच्या जनुकांत आधीच आहे.

शेवाळात नर-मादी, पिढ्या असतात का? त्यामुळेही रूप बदलतं?

बदलतं, आणि कधीकधी ओळखू येणार नाही इतकं. एका पिढीत गुणसूत्रांचा एकच संच असतो, पुढच्या पिढीत दोन. उल्वात दोन्ही पिढ्या दिसायला हुबेहूब. केल्पमध्ये एक पिढी कित्येक मीटर लांब आणि दुसरी सूक्ष्मदर्शकाशिवाय न दिसणारी. काँड्रस क्रिस्पस या लाल शेवाळात दोन पिढ्यांचं कॅरॅजिननसुद्धा वेगळं: एकीत कप्पा गटाचं, दुसरीत लॅम्डा गटाचं. जात तीच, खडक तोच, तरी माल वेगळा.

जपानमध्ये सुशीला जे नोरी गुंडाळतात, त्याचं बी कुठून येतं हे शतकानुशतकं कुणालाच माहीत नव्हतं. इंग्लंडच्या कॅथलीन ड्रू-बेकर यांनी १९४९ मध्ये दाखवून दिलं की शिंपल्याच्या कवचात वाढणारा गुलाबी बुरशीसारखा जो जीव वेगळी जात म्हणून नोंदला होता, ती पॉर्फायरा या नोरीच्या नात्यातल्या लाल शेवाळाचीच दुसरी पिढी आहे. त्या ज्ञानावर जपानची नोरी शेती उभी राहिली. त्या स्वतः जपानला कधीच गेल्या नाहीत आणि १९५७ मध्ये वारल्या. तिथल्या शेवाळ शेतकऱ्यांनी १९६३ मध्ये त्यांचं स्मारक उभारलं आणि दरवर्षी १४ एप्रिलला त्यांची आठवण काढतात.

बाटलीवर नुसतं सीवीड लिहिलंय. घ्यावं का?

जातीचं नाव विचारा. नाव न सांगणारी बाटली मी माझ्या बागेत वापरत नाही. बियाण्याच्या दुकानात जाऊन आपण "एक पिशवी धान्य द्या" म्हणत नाही.

जात कळली की बाकी ताडता येतं. अॅस्कोफायलममध्ये अल्जिनिक आम्ल, मॅनिटॉल, लॅमिनारिन, फ्युकॉइडन ही तपकिरी शेवाळाची द्रव्यं असतात. कप्पाफायकसमध्ये यांतलं अल्जिनिक आम्ल, लॅमिनारिन, फ्युकॉइडन नसतं. तिथं कॅरॅजिनन आणि भरपूर पालाश (पोटॅशियम). तेव्हा लेबलवर फक्त कप्पाफायकस लिहून खाली अल्जिनिक आम्लाची टक्केवारी दिली असेल तर विक्रेत्याला खुलासा विचारा. अर्क काढायची पद्धतही बघा. पोटॅशियम हायड्रॉक्साइडने काढलेल्या अर्कातला बराचसा पालाश शेवाळाचा नसून त्या रसायनाचा असतो. ताजं कप्पाफायकस चिरडून काढलेला रस वेगळा.

२०२१ पासून जैव-उत्तेजकं, म्हणजे पिकाच्या वाढीला चालना देणारी द्रव्यं, खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत आणि सीवीड अर्क त्यात मोडतो. पक्कं बिल मागून घ्या. आणि फवारणी करताना बागेतल्या दोन ओळी कोऱ्या ठेवा. फरक पडला की नाही हे त्या दोन ओळीच सांगतील.

गेल्या वर्षी याच कंपनीचं चांगलं लागू पडलं, यंदा नाही. भेसळ आहे का?

असूही शकते, पण लगेच तसं म्हणू नका. शेवाळातली द्रव्यं ऋतूप्रमाणे बदलतात. उन्हाळ्यात तपकिरी शेवाळ साखरेचा साठा करतं, हिवाळ्यात तो खर्ची पडतो. ऑक्टोबरच्या उसाचा आणि फेब्रुवारीतल्या उसाचा उतारा एक नसतो, तसंच हे. शिवाय छाटणीची वेळ, पाऊस, मुळांची स्थिती हे सगळं तुमच्या बाजूनेही बदललेलं असतं.

आमच्या क्षारपड रानातल्या खाऱ्या पाण्यात समुद्री शेवाळ वाढेल का?

नाही. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यांचं आपसातलं प्रमाणही ठरलेलं असतं. आपल्या क्षारपड विहिरींचं पाणी यापेक्षा खूप वेगळं आहे. अशा रानाला आधी निचरा करा.

विद्यार्थ्यांनी नमुने कुठून आणि कसे आणावेत?

सांगलीकरांना आंबा घाटातून रत्नागिरी, सातारकरांना कुंभार्ली घाटातून चिपळूण-गुहागर. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटी खोल जाते, तेव्हाच खालचा कातळ उघडा पडतो. मालवणचं सागरी अभयारण्य मात्र टाळा, तिथं परवानगीशिवाय काही उचलायचं नाही. एका जागेवरून सगळं खरवडू नका. पकड खडकावर राहू द्या, म्हणजे शेवाळ परत फुटतं.

घरी आणल्यावर पसरट ताटात समुद्राचंच पाणी घ्या, नमुना तरंगू द्या आणि खालून जाड कागद सरकवा. सुईने फांद्या मोकळ्या करत कागद हळूच तिरपा उचला. वर जुन्या धोतराचं तलम फडकं, मग वर्तमानपत्र, मग वजन. वर्तमानपत्र रोज बदलायचं. उल्वा आपल्याच चिकाने कागदाला असं चिकटतं की डिंक लागत नाही.

चिठ्ठीवर जातीच्या नावाआधी बाकीचं लिहा: तारीख, ओहोटीच्या वेळी ती जागा पाण्याबाहेर होती की डबक्यात, ऊन की सावली, लाटांचा मार की आडोसा, जिवंतपणी रंग कोणता. शेजारी वेगळ्या रूपाचं दिसलं तर तेही घ्या आणि दोघांमधलं अंतर पावलांत नोंदवा. डीएनएसाठी करंगळीच्या नखाएवढा तुकडा पाण्यात धुऊन, टिपून, सिलिका जेलच्या पुडीत ठेवा आणि पुडीवर चिठ्ठीचाच क्रमांक घाला, शिसपेन्सिलीने. शाई ओल लागली की फुटते.